महिन्याला एक किलोमीटर केस

माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. कुणाला ८० हजार, कुणाला दीड लाख. वाढीला लागलेला केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर लांबतो. आता गुणाकार करून पाहा. एका वेळी ९० टक्के केस वाढत असतात असं धरलं, तर एका डोक्यावर महिन्याकाठी ९०० मीटर नवा केस तयार होतो. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर, आणि वर्षाला पावणेअकरा. आपण जेवतो, झोपतो, लोकल पकडतो, भांडतो; हा उद्योग मात्र एक दिवसही थांबत नाही.

एवढा माल तयार करायचा तर कच्चा मालही तसाच लागणार. केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. मुळाच्या तळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत झपाट्यानं दुभंगणाऱ्या पेशींपैकी आहेत. प्रत्येक पेशी दुभंगताना आपल्या डीएनएची नवी प्रत काढते. त्यासाठी लोह हवं, जस्त हवं, फॉलिक आम्ल आणि ब-१२ हवं. केराटिनला घट्टपणा येतो तो गंधकाच्या जोडांनी, म्हणून गंधक असलेली अमिनो आम्लंही हवीत. यांतलं काही अडलं की त्याचा परिणाम केसात उमटतो. तो कधी उमटतो आणि कसा उमटतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

केसाचं मूळ एक काम करतं, जे शरीरातला दुसरा क्वचितच एखादा अवयव करत असेल. ते स्वतःला मोडतं आणि पुन्हा उभं करतं. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं सलग वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत मुळाचा खालचा भाग विरघळून जातो आणि मूळ आक्रसून वर सरकतं. त्यानंतर सुमारे ३ महिने विश्रांती. या काळात जुना केस नुसता अडकून राहिलेला असतो. त्याची वाढ केव्हाच संपलेली असते. पुढे मुळाच्या बाजूला दडलेल्या मूलपेशी जाग्या होतात, खालचा सगळा भाग नव्यानं घडवतात आणि नवा केस निघतो. या मूलपेशी तळाशी नसून थोड्या वरच्या एका फुगवट्यात असतात, हे १९९० साली अमेरिकेत जॉर्ज कॉटसारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीत दाखवून दिलं. तोवर बहुतेकांची समजूत होती की सगळी सूत्रं तळाकडेच आहेत.

जन्मानंतर डोक्यावर नवी मुळं तयार होत नाहीत. आईच्या पोटात जेवढी मिळाली तेवढ्यांवर आयुष्य काढायचं. पण त्यांतलं प्रत्येक मूळ आयुष्यात अनेकदा नव्यानं सुरुवात करतं. विंचरताना फणीत रोज ५० ते १०० केस आले तर घाबरायचं कारण नाही. विश्रांती संपलेली मुळं जुना केस सोडून देत असतात.

आता समजा, शरीराला मोठा धक्का बसला. डेंग्यूचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, नाहीतर लग्नाआधी स्वतःवर लादून घेतलेली उपासमार. अशा वेळी वाढीत असलेली पुष्कळशी मुळं एकदमच काम थांबवतात आणि विश्रांतीत जातात. केस मात्र तेव्हा गळत नाही. तो गळतो दोन-तीन महिन्यांनी, विश्रांती संपताना. म्हणजे ताप गणपतीत येऊन जातो आणि गुंतवळाचे गोळे निघतात दिवाळीनंतर. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष जातो शाम्पूला, टाकीच्या पाण्याला किंवा नव्या गावाच्या हवेला. १९६१ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी या प्रकाराची नीट मांडणी केली. कोविडच्या लाटांनंतर घरोघरी लोकांनी तो पाहिला. कारण एकदाच घडून गेलेलं असेल, तर यात मुळं शाबूत असतात आणि बहुतेकांचे केस सहा महिन्यांत सावरायला लागतात.

हे वेळापत्रक लक्षात ठेवलं की जीवनसत्त्वांच्या कथा वाचताना वेगळीच मजा येते.

पहिली कथा अंड्याची. १९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस ही संशोधक उंदरांना प्रथिन म्हणून सुकवलेला कच्चा अंड्याचा पांढरा बलक खाऊ घालत होती. उंदीर धष्टपुष्ट व्हायला हवे होते. झालं उलटंच. त्यांच्या कातडीवर चट्टे आले आणि केस झडले. यकृत किंवा यीस्ट खायला दिलं की ते बरे होत. त्यात काहीतरी होतं जे उंदरांना वाचवत होतं. ते होतं बायोटिन, म्हणजे ब गटातलं सातवं जीवनसत्त्व. पुढे असं कळलं की कच्च्या पांढऱ्या बलकात अॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं आणि ते बायोटिनला अशी मिठी मारतं की आतड्यांना ते सोडवून घेताच येत नाही. रसायनशास्त्राला माहीत असलेल्या प्रथिन आणि रेणूमधल्या अशा बंधांत हा सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. अंडं उकडलं की अॅव्हिडिन मोडतं आणि सगळा प्रश्न मिटतो. शिवाय पिवळ्या बलकात बायोटिन भरपूर असतं. उकडलेल्या अंड्याचं भय कुणी बाळगू नये.

माणसातही बायोटिन नसलं की केस जातात. काही बाळांच्या शरीरात वापरलेलं बायोटिन सोडवून पुन्हा वापरणारं विकरच जन्मतः नसतं. त्यांना झटके येतात, कातडीवर पुरळ उठतं, केस विरळ होतात. वेळेवर ओळखून बायोटिन दिलं, तर केस परत येतात. बायोटिनची कीर्ती अशा खऱ्या घटनांवर उभी आहे. आज तेच बायोटिन चघळायच्या गोळ्यांतून सगळ्यांना विकलं जातं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं. दुकानातल्या एकेका गोळीत ५ किंवा १० हजार मायक्रोग्रॅम असतं. २०१७ साली डॉक्टरांनी आजवर छापून आलेल्या प्रकरणांचा आढावा घेतला. बायोटिननं केस किंवा नखं सुधारल्याची १८ उदाहरणं त्यांना सापडली, आणि त्या सगळ्यांना आधीपासून काही ना काही मूळ विकार होता. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसाला बायोटिननं जास्त केस येतात, याला चांगला पुरावा नाही.

या कथेला एक विलक्षण शेपूट आहे. अॅव्हिडिनची ती घट्ट मिठी शास्त्रज्ञांना इतकी आवडली की त्याच्या एका जीवाणूजन्य भावंडाला त्यांनी रक्ततपासणीच्या यंत्रांत कामाला लावलं. थायरॉइडच्या आणि हृदयविकार ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या अनेक तपासण्या या मिठीवर चालतात. रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असेल तर यंत्र फसतं. २०१७ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं याबद्दल इशारा दिला. ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी आल्यानं दगावलेल्या एका रुग्णाची नोंदही त्यात होती. म्हणून केसांच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

दुसरी कथा जस्ताची. काही बाळं अंगावर दूध पीत असेतो ठीक असत. गाईचं दूध सुरू झालं की तोंडाभोवती आणि बोटांवर लालभडक पुरळ उठे, जुलाब लागत, केस जात. पुष्कळ बाळं दगावत. १९४२ साली नॉर्वेत या आजाराचं सविस्तर वर्णन झालं, पण कारण कुणालाच सापडलं नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनच्या मॉयनाहन या डॉक्टरांनी अशा मुलांना जस्त दिलं आणि ती पाहता पाहता सुधारली. २००२ साली त्यामागचं जनुक सापडलं: आतड्यातून जस्त आत घेणारं प्रथिनच या मुलांत बिघडलेलं असतं. आईच्या दुधातलं जस्त शरीराला सहज मिळतं, गाईच्या दुधातलं तितकंसं मिळत नाही. त्यामुळे तेवढे दिवस बाळ तगून राहायचं. एका क्षारानं केस परत येतात, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच असेल.

प्रथिनांचा तुटवडा केसावर आणखी वेगळ्या तऱ्हेनं उमटतो. तीव्र कुपोषण झालेल्या मुलांच्या काळ्या केसांत कधी कधी फिक्या तांबूस रंगाचे पट्टे दिसतात. खायला मिळालं त्या महिन्यांतला केस काळा, मिळालं नाही त्या महिन्यांतला फिका, पुन्हा मिळू लागलं की काळा. केस महिन्याला १ सेंटिमीटर वाढतो हे माहीत असलं की डॉक्टर पट्टी लावून सांगू शकतो, या घरात उपासमार कधी सुरू झाली आणि किती टिकली.

आणि लोह? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. डीएनएचे घटक तयार करणाऱ्या एका विकराला लोहाशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे लोह संपलं की मुळांतली घाई मंदावणं साहजिक आहे. किती कमी झालं की केस गळतात, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. पण केस फार जात असलेल्या बाईची फेरिटिन तपासणी करणं, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती उरलाय हे पाहणं, हे शहाणपणाचंच आहे. केस आले नाहीत तरी धाप कमी होईल.

आता या सगळ्या कथांतली मला सर्वांत थक्क करणारी. ती ड जीवनसत्त्वाची आहे.

ड जीवनसत्त्व पेशीत शिरतं आणि एका ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतं. मग ती जोडी जनुकांना हुकूम सोडते. किल्ली आणि कुलूप समजा. काही मुलांत जन्मतः किल्ली बनत नाही. त्यांची हाडं वाकतात, मुडदूस होतो, पण डोक्यावर केस असतात. दुसऱ्या काही मुलांत किल्ली भरपूर असते, कुलूपच सदोष असतं. त्यांनाही मुडदूस होतो, आणि त्यांतल्या पुष्कळांचे केस पहिल्या काही महिन्यांतच जातात, ते परत येतच नाहीत. कॅल्शियम थेट शिरेतून दिलं तर हाडं सुधारतात. केस मात्र नाहीत.

१९९७ साली जपानमध्ये आणि बॉस्टनमध्ये हे कुलूप नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या अंगावर पहिली लव छान आली. ती गळाली, आणि दुसरा केस उगवलाच नाही. मुळं तयार करायला हे प्रथिन लागत नव्हतं. ‘पुन्हा सुरू हो’ म्हणायला लागत होतं. मग संशोधकांनी ते प्रथिन नुसतं कातडीच्या पेशींत परत घातलं. केस परत आले. आणि शेवटचा प्रयोग तर अफलातून होता. ड जीवनसत्त्व चिकटूच शकणार नाही असं बदललेलं प्रथिन घातलं, तरीही केस टिकले. म्हणजे केसांच्या बाबतीत हे कुलूप किल्लीवाचूनच आपलं काम करतं! ज्या प्रथिनाला आपण जीवनसत्त्वाचं नाव दिलं, त्याचा एक उद्योग त्या जीवनसत्त्वाशी संबंधच ठेवत नाही. रक्तात ड कमी आलं तर ते भरून काढावं, हाडांसाठी तर नक्कीच. पण ‘ड घ्या, केस उगवतील’ इतकं ते सरळ नाही, हे या उंदरांनी शिकवलं.

कमतरतेच्या गोष्टी इतक्या ऐकल्या की वाटतं, जास्त दिलं तर जास्त केस. इथेच केसाचं मूळ उलटून पडतं.

डिसेंबर १९१२. अंटार्क्टिकावर ऑस्ट्रेलियाचा संशोधक डग्लस मॉसन दोन साथीदारांसह मोहिमेवर होता. त्यांतला बेलग्रेव्ह निनिस बर्फगाडी ओढणाऱ्या उत्तम कुत्र्यांसह आणि बहुतेक शिध्यासह हिमदरीत कोसळला. उरलेल्या दोघांनी, मॉसन आणि झेवियर मर्ट्झ यांनी, परतीच्या वाटेवर एकेक कुत्रा मारून खाल्ला. यकृत मऊ होतं, चावायला सोपं. दोघांची कातडी सोलवटून निघू लागली, केस झडू लागले. जानेवारी १९१३ मध्ये मर्ट्झ मरण पावला. मॉसन एकटा फरफटत ८ फेब्रुवारीला तळावर पोचला. १९६९ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी असं मांडलं की ही अ जीवनसत्त्वाची विषबाधा असावी, कारण अशा कुत्र्यांच्या यकृतात त्याचा प्रचंड साठा असतो. हे निदान सर्वांना मान्य नाही. पण अ जीवनसत्त्व वाजवीपेक्षा फार झालं की केस गळतात, यात शंका नाही. त्याच कुळातली मुरुमांची औषधं घेणाऱ्यांनाही याचा अनुभव येतो. अ मुळाला लागतं, आणि त्याचाच अतिरेक वाढीतल्या मुळांना वेळेआधी विश्रांतीत ढकलतो.

सेलेनियमचं याहून कठीण आहे. शरीराला ते दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास हवं, आणि ४०० च्या पुढे रोज गेलं की धोका सुरू होतो. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पोषकात चुकून बाटलीवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं. १० राज्यांत २०१ रुग्ण सापडले, आणि त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश जणांचे केस गेले. तब्येत सुधारायला घेतलेल्या औषधानं!

आपल्याकडे याची चर्चा घरोघरी झाली ती २०२५ च्या जानेवारीत. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. पुरुष, बायका, मुलं, कुणी सुटलं नाही. काहींना पुरतं टक्कल पडलं. हा खारपाणपट्टा, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. मग बुरशी, मग साबण-शाम्पू. गावाशी सोयरिक नको, इथपर्यंत भीती पोचली. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले आणि नमुने तपासून घेतले. त्यांच्या मांडणीनुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होतं, तर जस्त कमी होतं. बोट त्यांनी रेशनच्या गव्हाकडे दाखवलं, जो पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. शिवालिकच्या पायथ्याशी पंजाबात काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे शेतीशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

बुलढाण्याच्या केसांनी तीन महिने वाट पाहिली नाही, याकडे लक्ष द्या. तापानंतरची गळती मुळं विश्रांतीत गेल्यानं होते, म्हणून उशिरा. इथे घाव वाढत्या केसावरच बसला. सेलेनियम हे आवर्तसारणीत गंधकाच्या बरोब्बर खाली बसतं, दोघांचा स्वभाव सारखा. केराटिनमध्ये गंधकाच्या जागी सेलेनियम घुसतं आणि केसाला घट्ट धरणारे जोड कच्चे राहतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. केस किती लवकर गळला, एवढ्यावरून डॉक्टरला कारणाची दिशा कळते ती अशी.

हे सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुरुषांचं कपाळ मागे सरकत जातं किंवा टाळूवर चांदणं पडतं, ते बहुतांशी जीवनसत्त्वांमुळे नसतं. तिथे पुरुषी संप्रेरकांमुळे आणि वारशामुळे मुळं लहान लहान होत जातात. हा संबंध अमेरिकेच्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ सालीच दाखवला. नाण्याएवढे गुळगुळीत डाग पडतात त्या चाईमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उठते. या दोन्हींवर उपचार आहेत, पण ते चघळायच्या गोळ्यांच्या डबीत नाहीत.

मग करायचं काय? केस मूठ-मूठ जाऊ लागले की आधी दिनदर्शिका काढायची आणि तीन महिने मागे जायचं. ताप? बाळंतपण? जेवण तोडलं होतं? नवं औषध सुरू झालं? पाळीत रक्त फार जातं आहे? हे उत्तर डॉक्टरांना कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मग त्यांच्या सल्ल्यानं हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ड आणि ब-१२ पाहावं. जे कमी निघेल तेवढंच भरून काढावं. बाकी प्रथिन ताटात यावं: डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे, ज्याच्या घरात जे चालतं ते.

आणि वाट पाहावी, कारण मुळाला घाई करता येत नाही. कमतरता आज भरून निघाली तरी मुळाला विश्रांती संपवायची असते, खालचा भाग नव्यानं बांधायचा असतो, आणि मग महिन्याला एकेक सेंटिमीटर. चार महिन्यांनी आरशात कपाळाच्या कडेला दोन सेंटिमीटरचे ताठ उभे केस दिसले, आणि ते तेल लावूनही बसत नाहीत म्हणून वैताग आला, तर हिशेब करा: ती मुळं दोन महिन्यांपूर्वीच कामाला लागली आहेत. त्या दोन महिन्यांत तुम्ही मात्र फणीतले गळलेले केस मोजत बसला होता.